साडूभाऊंच्या सायकलीतली हवा

काटेरावांना काटेराव हे नाव सासरकडून मिळालं होतं. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं की तुम्ही नेमकं करता काय, आणि काटेरावांनी भाबडेपणाने खरं ते सांगून टाकलं. कारखान्यांतल्या बॉयलरवरची, दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यांवरची दाबमापकं काढून आमच्या प्रयोगशाळेत आणतात आणि त्यांचा काटा खरं बोलतो की खोटं, हे मी ठरवतो. सासरे विचारात पडले. दोघी मुली माजघरात हसल्या. त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

सव्वीस वर्षं हे काम केल्याने काटेरावांच्या स्वभावाला एक वळण पडलं होतं. आकडा विचित्र आला की ते आधी यंत्रावर संशय घ्यायचे. लोक उगीच घाबरतात, बॉयलर बहुतेक वेळा ठणठणीत असतो, काटाच चळलेला असतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि नोकरीत ते सहसा खरं ठरायचं. घरात तितकंसं ठरायचं नाही. मुलीला ताप आला की ते आधी दुसरा थर्मामीटर आणायला निघत. बायकोने यावर बोलणं केव्हाच सोडलं होतं.

थोरले साडू अगदी उलट. बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट विकल्या आणि गेल्या साली निवृत्त झाले. आवाज मोठा, हसू मोठं, अंग मोठं. लिफ्टवाले एका माणसाचं वजन अडुसष्ट किलो धरतात, आपण चौऱ्याऐंशी भरतो, म्हणजे आपण सव्वा माणूस, हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता आणि प्रत्येक लग्नात तो एकदा तरी बाहेर निघे. असा माणूस एके दिवशी डोंगरावर चालवायची जाड टायरांची सायकल घेऊन आला, तेव्हा घरात सगळे चाट पडले. कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्लेडचं पाकीट आणायलाही ते कुणाला तरी पिटाळत असत. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी सुचतंच, असं म्हणून थोरलीने सायकलीला पार्किंगमध्ये जागा करून दिली.

सायकल होती मात्र नामी. खड्ड्यांचे धक्के शोषायला तिला पुढे आणि सीटखाली जे दट्टे होते, त्यांत स्प्रिंग नव्हती, नुसती कोंडलेली हवा होती. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती कमीजास्त करायची. त्यासाठी दुकानातून एक वेगळा पंप मिळाला होता. टायरचा पंप भरपूर हवा थोड्या दाबाने ढकलतो. हा सडपातळ पंप चिमूटभर हवा प्रचंड दाबाने ढकलायचा, आणि त्याच्या बुडाशी तीनशे पौंडांपर्यंत आकडे असलेलं गोल दाबमापक होतं. ते पाहताच काटेरावांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती त्यांच्या बायकोने लग्नातल्या फोटोतही पाहिली नव्हती.

तेव्हापासून रविवारची सकाळ ठरून गेली. धाकटी आणि थोरली वर चहा घेत गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत, आणि दोघे साडू खाली पार्किंगमध्ये हवा लावत. पद्धत काटेरावांनी घालून दिली होती. साडूभाऊंनी बूट घालून, पाठीला पिशवी अडकवून, खांबाला हात टेकून सायकलीवर बसायचं. हिसके द्यायचे नाहीत. मग फूल ठेवावं तसं अलगद उतरायचं. सीटखालच्या दट्ट्याच्या दांडीवर एक रबरी कडं असतं. वजनाने दट्टा जितका दबतो तितकं ते सरकतं आणि तिथेच राहतं. काटेराव पट्टीने मोजत. चौदा मिलिमीटर म्हणजे बरोबर. जास्त दबलं तर हवा कमी आहे, कमी दबलं तर हवा जास्त आहे.

दुकानदाराच्या तक्त्यात चौऱ्याऐंशी किलोपुढे एकशे नव्वद पौंड लिहिलं होतं. काटेरावांनी एकशे नव्वद भरले, साडूभाऊ बसले, उतरले, आणि कडं चौदावर. माणूस आणि कागद पहिल्या फटक्यात जुळलेले काटेरावांनी फार थोड्या वेळा पाहिले होते. त्यांनी वहीत तारीख घातली.

पहिल्या आठवड्यात साडूभाऊंनी स्वतः रोज हवा तपासली आणि गुरुवारी फोन करून कळवलं की तुमची हवा गळते आहे. काटेरावांनी शांतपणे समजावलं. पंपाची नळी लावली की दट्ट्यातली थोडी हवा आधी त्या नळीत भरते. म्हणून काटा दर वेळी आठ-दहा पौंड कमीच दाखवणार, आणि नळी काढली की ती हवा जाणार. तुम्ही चार दिवस गळती तपासत नव्हता, गळती करत होता. साडूभाऊ फोनवर खूप वेळ हसले आणि म्हणाले की म्हणूनच आपण कधी काही तपासत नाही.

पाचव्या रविवारी साडूभाऊंनी तक्रार केली की सायकल टणक झाली आहे, बाकावर बसल्यासारखं वाटतं. मोजलं, तर कडं बारावर. हवा मात्र एकशे नव्वदच. काटेरावांनी खांद्यावरची पिशवी पाहिली. पिशवी तीच होती. मग ऊन वाढलंय, उन्हाने हवा फुगते, असं त्यांनी ठरवलं, पंपावरचं बटण दोनदा हलकेच दाबून दहा पौंड सोडले आणि वहीत ‘तापमान’ असं लिहिलं. पुढच्या महिन्यात ढग येऊन हवा गार झाली तरी सायकल पुन्हा टणक. आणखी दहा सोडले. वहीत ‘बसण्याची ढब?’ असं आलं. त्यानंतर दोन रविवार साडूभाऊंना ताठ बसा, वाकून बसा, श्वास सोडून बसा असं सांगण्यात गेले, आणि तरीही आणखी दहा सोडून एकशे साठवर यावं लागलं. साडूभाऊंनी सगळं निमूटपणे केलं. एवढा आज्ञाधारकपणा त्यांनी त्यांच्या साहेबालाही कधी दाखवला नसेल.

वर घरात वेगळीच हवा होती. साडूभाऊंना सायकल मानवली, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. पोट गेलं, गालफडं बसली, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. पाणीही आता बाटलीच्या बाटली पितात, सायकलवाल्यांना प्यावंच लागतं म्हणे. दुपारी जरा जास्त झोपतात, पण एवढी रपेट केल्यावर झोपतीलच. थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगे आणि सांगता सांगता काटेरावांच्या शर्टाच्या चौथ्या बटणाकडे बघे. ‘नुसती दुसऱ्याची हवा भरून वजन उतरत नाही हो,’ असं ती एकदा म्हणाली आणि धाकटी बहिणीच्या बाजूने हसली. साडूभाऊ या कौतुकावर मान खाली घालून ‘चालायचंच’ म्हणत. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याही कौतुकाला इतकं थोडक्यात सोडलं नव्हतं. काटेरावांचं याकडे लक्ष गेलं नाही. त्यांचा संशय तोवर पंपावर बसला होता.

एका सोमवारी त्यांनी पंप प्रयोगशाळेत नेला. तिथे ठरलेल्या वजनाच्या चकत्या ठेवून अचूक दाब तयार करायचं यंत्र होतं. त्यावर बॉयलरची ताटाएवढी मापकं चढत. काटेरावांनी सायकलच्या पंपाचं बिस्किटाएवढं मापक चढवलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं की घरात आता खेळणीही तपासून वापरता का. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे. सगळीकडे काटा बरोबर. फार तर एका पौंडाचा फरक. यंत्र निर्दोष निघालं की काटेराव नेहमीच जरा हिरमुसत. तरीही नियमाप्रमाणे त्यांनी मापकाला हिरवी चिकटपट्टी लावली आणि खाली सही केली.

पंप सुटला, तेव्हा संशयाला जागा म्हणून सील उरलं. दट्ट्याच्या आत रबरी सील असतं, ते खराब झालं असणार. साडूभाऊ नको नको म्हणत असताना काटेराव सायकल दुकानात टाकून आले. दुकानात दुरुस्तीचं काम एक मेकॅनिक बाई करत. बोलायला कमी, हाताला पक्क्या. त्यांनी सांगितलं होतं की नवं सील यायला पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवसांनी सायकल आणायला गेल्यावर बाईंनी जुनं सील काटेरावांच्या तळहातावर ठेवलं. नव्यासारखं होतं.

“तुम्ही सांगितलंत म्हणून बदललं,” बाई म्हणाल्या. “पण सील गेलं तर हवा गळून सायकल मऊ पडते. तुमची तक्रार टणक झाल्याची आहे.”

 काटेराव जे ऐकत होते ते त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. नळी लावली, हवा जाते, सायकल मऊ. सील गेलं, मऊ. गारठा पडला, मऊ. सायकलीच्या झाडून साऱ्या खोडी तिला मऊच करतात. टणक व्हायला उन्हाशिवाय एकच कारण उरतं, आणि ऊन तर केव्हाच गेलं होतं.

“आता किती हवा लागते म्हणालात?” बाईंनी विचारलं.

“एकशे साठ.”

“मग बसणारा चौऱ्याऐंशी नाही. सत्तर-एकाहत्तर असेल.”

“सायकल चालवून कमी झालं वजन,” काटेराव म्हणाले. हे बोलताना आपण थोरलीच्या आवाजात बोलतोय असं त्यांना वाटलं.

बाईंनी पुढचं चाक फिरवून टायर त्यांच्या समोर आणला. टायरवर जागोजागी रबराचे बारीक केस उभे होते, नव्या टायरला कारखान्यातून असतात तसे. “हे महिन्याभरात झडतात,” त्या म्हणाल्या. “चालवली तर.”

काटेराव सायकल हातात धरून चालत निघाले. ती चालवत नेण्याची हिंमत त्यांना झाली नाही. वाटेत त्यांनी मनातल्या मनात वही उघडली. एकशे नव्वद, एकशे ऐंशी, एकशे सत्तर, एकशे साठ. अडीच महिन्यांत तेरा किलो, आणि टायर कोरा. प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी कारण लिहिलं होतं. तापमान, ढब, मापक, सील. सव्वीस वर्षांच्या शिस्तीत एका गोष्टीसाठी वहीत रकाना नव्हता, आणि ती गोष्ट दर रविवारी बूट घालून, खांबाला हात टेकून त्यांच्यासमोर बसत होती.

पुढच्या रविवारी त्यांनी पंप पेटीतून काढलाच नाही. साडूभाऊ बूट घालून खाली आले, पिशवी अडकवली आणि सवयीने खांबापाशी गेले. काटेरावांनी विचारलं की रोज सकाळी तुम्ही जाता कुठे.

साडूभाऊंनी आधी टेकडीचं नाव घेतलं. मग काटेरावांची नजर टायरवर आहे हे त्यांच्या लक्षात आलं. लिफ्ट विकणाऱ्या माणसाला समोरच्याने काय पाहिलं हे चटकन कळतं. त्यांनी पिशवी उतरवली आणि शेजारी उभ्या मोटारीच्या पुढच्या भागाला टेकले. हळूहळू सगळं बाहेर आलं. सायकल हातात धरून ते पुढच्या चौकातल्या बागेपर्यंत जात, बाकावर तासभर बसत, पाण्याच्या दोन बाटल्या संपवत आणि परत येत. वजन सायकल घ्यायच्या सुमारासच उतरू लागलं होतं. तहान लागत होती, पाय गळून जात होते, रात्रीत चार वेळा उठावं लागत होतं. थोरलीच्या नजरेत येणारच होतं. मग एका दुकानाच्या काचेत ही सायकल दिसली, आणि त्यांना वाटलं की या एका वस्तूत सगळ्याच प्रश्नांची उत्तरं आहेत.

पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी एवढा चोख सौदा केला नसेल, असं काटेरावांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी एवढंच विचारलं.

“डॉक्टरकडे का नाही गेलात?”

“माझा भाऊ गेला होता,” साडूभाऊ म्हणाले. “तपासायला चालत गेला, आणि तिथून पुढे सहा महिने झोपूनच होता. गेला तोपर्यंत. तपासलं नसतं तर काय झालं असतं, ते कुणी सांगू शकतं का?” मग ते म्हणाले, “तुम्हीच म्हणता ना, तपासलं की थोडी हवा जातेच.”

“जाते. आठ-दहा पौंड. ती परत भरता येते.” काटेरावांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “ही तीस गेली आहे. ही पंपाने नेलेली नाही, तुमच्या घटत्या वजनाने नेली.”

साडूभाऊंनी चष्मा लावून आकडे वाचले, तारखा वाचल्या, ढब आणि प्रश्नचिन्हही वाचलं. खाली सही होती. काटेराव वहीच्या प्रत्येक पानाखाली सही करत. वहीतलं माप चुकीचं असू शकतं का, हे साडूभाऊंनी विचारून पाहिलं, पण आवाजात जोर नव्हता.

“पंप तपासून आणलाय,” काटेराव म्हणाले. “आता वर जाऊन तुम्ही सांगता, की मी सांगू?”

 साडूभाऊंनी बूट काढले, हातात घेतले आणि मोजे घालूनच जिना चढले. इमारतीला लिफ्ट होती, त्यांनीच बसवलेली. ती खालीच उभी होती.

काटेराव पार्किंगमध्ये थांबले. वरून काही आवाज आला नाही. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. काही वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि थोरली खाली आली. तिच्या हातात चहाची गाळणी तशीच होती.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” तिने विचारलं.

“माहीत नव्हतं, ताई. शंका होती.”

“कधीपासून?”

“दोन महिने,” काटेराव म्हणाले. मग प्रामाणिकपणा त्यांच्या अंगाशी आला. “पण शंका पंपाची होती. मला वाटलं मापक चुकतंय. ते तपासलं, ते बरोबर निघालं. मग वाटलं सील असेल, म्हणून सील—”

“बदललंत.”

“हो.”

 रागावणं थोरलीला सहज जमत असे, पण या वेळी ते तिच्या चेहऱ्यावर कुठे दिसलं नाही. “दर रविवारी तुम्ही त्यांना उभं करत होता, बसवत होता, मोजत होता,” ती म्हणाली. “आणि मी वर बसून लोकांना सांगत होते की बघा किती छान बारीक झालेत.” तिने गाळणी या हातातून त्या हातात घेतली. “आपल्या दोघांत जास्त आंधळं कोण, ते आपण मागाहून ठरवू. उद्या सकाळी आठ वाजता दवाखाना. तुम्ही पण यायचं. मला ते थापा मारतील, तुम्हाला मारून उपयोग नाही.”

काटेरावांनी सोमवारची रजा टाकली. कारणाच्या जागी त्यांनी ‘घरगुती’ लिहिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी कुठल्याही कागदावर इतकं मोघम काही लिहिलं नव्हतं.

सकाळी तिघे उपाशीपोटी गेले. खरं तर उपाशी साडूभाऊंनीच राहायचं होतं, पण बाकीच्या दोघांनाही खाववलं नाही. वजनकाट्यावर एकाहत्तर किलो आठशे ग्रॅम भरले. साडूभाऊंनी काट्याकडे न बघता समोरच्या भिंतीवरचं दातांच्या निगेचं चित्र वाचून काढलं. बोटातून थेंबभर रक्त घेतलं, हातातल्या छोट्या यंत्राने क्षणभर विचार केला आणि तीनशे ऐंशी हा आकडा दाखवला. थोरलीने काटेरावांकडे पाहिलं. काटेरावांनी यंत्राबद्दल काहीही विचारलं नाही.

डॉक्टरीण बाई वयाने साडूभाऊंच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी सांगितलं की साखर आहे, भरपूर आहे, आणि बरीच आधी यायला हवं होतं. अजून दोन तपासण्या करायच्या, मूत्रपिंडं आणि डोळे बघायचे, आजपासून औषध सुरू. भावासारखं होईल का, हे साडूभाऊंनी विचारलं नाही. थोरलीने मग तेच विचारलं. डॉक्टरीण बाईंनी भावाला काय झालं होतं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तो आजार निराळा होता. हा सांभाळला तर माणूस म्हातारा होऊन घरच्यांना छळू शकतो. थोरलीने तेव्हा पहिल्यांदा रुमाल काढला.

साडूभाऊंचा चेहरा खुलला. आठवड्याचा नव्हे, वर्षाचा ताण उतरल्यासारखे ते खुर्चीत मागे रेलले आणि जुन्या आवाजात चौकशी करू लागले. गोळ्या जेवणाआधी की नंतर, गोड अगदीच बंद का, पाहुण्यांकडे गेल्यावर काय करायचं. अडुसष्ट किलोंचा विनोदही त्यांच्या ओठांवर येऊन गेला असावा, कारण तोंड उघडून त्यांनी परत मिटलं.

कागदावर शेवटची ओळ लिहिताना डॉक्टरीण बाईंनी मान वर न करता विचारलं, “व्यायाम काही करता?”

थोरली आणि काटेराव दोघेही समोर बघत राहिले.

“सायकल आहे,” साडूभाऊ म्हणाले.

“उत्तम. मग पंधरा दिवस औषध लागू पडलं की सुरू करा. रोज पाऊण तास, थोडा चढ असलेला रस्ता. आणि नुसतं हातात धरून फिरवायची नाही हं,” त्या हसून म्हणाल्या. अनेक पेशंट तसंच करतात, हे त्यांना ठाऊक असावं.

दवाखान्यात आल्यापासून जो चेहरा साखरेने, सुईने किंवा भावाच्या आठवणीने पडला नव्हता, तो आता पडला. साडूभाऊ कागद घेऊन उठले आणि दाराशी पोचेपर्यंत त्यांनी काटेरावांना हळूच विचारलं की चढ म्हणजे साधारण किती.